फळ्यावर नसलेले पदार्थ

शुक्रवारी रात्री आलेली माणसं फळ्यावरचं मागतात आणि रविवारी सकाळी फळ्यावर नसलेलं. नागावात खोल्या आणि घरगुती जेवण चालवणाऱ्या कुणालाही विचारा, थोड्याफार फरकानं हेच सांगतील. पहिल्या दिवशी सुरमईची थाळी, बोंबील फ्राय, कोलंबीचं कालवण आणि वर दोन-दोन वाट्या सोलकढी. दुसऱ्या दिवशी समुद्रात डुंबून झालेलं असतं, रेवदंड्याचा किल्ला पाहून झालेला असतो, पोट आणि हौस दोन्ही भरलेली असतात. मग कुणीतरी एकटंच स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभं राहतं. "काकू, एक विचारू? म्हणजे जमलं तरच हं." आवाज एक पट्टी खाली आलेला. यापुढे ज्या पदार्थाचं नाव येतं तो कधीच महागातला नसतो.

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षीनंतर आमचं गाव लागतं आणि मग चौल. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला वाड्या. एकेक वाडी म्हणजे अरुंद, लांब पट्टा, वर नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, मध्ये विहीर आणि कुठेतरी घर. पूर्वी या घरांत पाहुणे म्हणजे मुंबईचे नातेवाईक. पुढे नातेवाइकांचे मित्र यायला लागले, मग मित्रांचे साहेब, आणि केव्हातरी फाटकावर 'राहण्याची व घरगुती जेवणाची सोय' अशी पाटी लागली. २०२० साली भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाडीसकट माणसं आणणारी रो-रो बोट सुरू झाली तेव्हापासून तर शनिवार-रविवार गाव आमचं राहतच नाही. माझं लग्न होऊन मी या वाडीत आले ती देशावरून. मासळी साफ करायला सासूबाईंकडून शिकले आणि लोकांना काय खावंसं वाटतं ते दाराशी उभ्या राहणाऱ्यांकडून.

सगळ्यात जास्त मागणी कशाला, तर मऊ भाताला. खोटं वाटेल, पण समुद्रकाठच्या गावी येऊन, ताज्या पापलेटला बोट लावून झाल्यावर माणसं गुरगुट्या भात, वर तूप, मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याची फोड मागतात. त्यासाठी मी नवा तांदूळ वेगळा ठेवते. थाळीतल्या भाताला जुनाच हवा, तो मोकळा होतो, पण मऊ भाताला जुना घेतला तर पाण्यात शितं तरंगत राहतात, एकजीव होत नाहीत. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या गावातून जया नाहीतर रत्ना येतो, तो मऊ भाताला उत्तम. पाणी तांदळाच्या चौपट, मीठ आधीच, आणि शिजल्यावर पळीच्या पाठीनं घोटायचा. पळीतून पडताना तो सांडला पाहिजे, गोळा होऊन पडता कामा नये. तूप नंतर घालायचं आणि ते खाणाऱ्याच्या देखत.

मऊ भात मागणाऱ्याला मी हमखास विचारते, की हा कधी मिळायचा तुम्हाला? उत्तर ठरलेलं. ताप आला की. एक निवृत्त बँक मॅनेजर सांगत होते, घरात सहा भावंडं, आजी-आजोबा, गावाहून शिकायला आलेला चुलतभाऊ. आईच्या हातचं जेवण रोज मिळायचं, पण आई मिळायची ती फक्त आजारपणात. ताटली घेऊन शेजारी बसायची, फुंकर घालून भरवायची. एरवी तिच्याशी बोलायला सुद्धा रांग. गोवर बरा झाला तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं म्हणे. मेतकूट चांगलं झालंय की कमी भाजलं गेलंय याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांच्या बायकोनं मात्र तेवढ्यात सांगितलं, "घरी मी केला तर म्हणतात, मी काय आजारी आहे?"

या धंद्यात एक गोष्ट मला फार उशिरा नाही, पण हळूहळू कळली. लोकांना जुना पदार्थ चांगला करून नको असतो. तो जसा बिघडायचा तसा हवा असतो. कुणाची आई पिठलं नेहमी खाली लागू द्यायची आणि त्या खरपुडीसाठी भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या. कुणाच्या आजीच्या आमटीत गूळ जरा जास्तच. कुणाकडे पोहे कायम गिच्च, कारण घरात एकच पातेलं आणि माणसं अकरा. पाककृतीची पुस्तकं इथं काही कामाची नाहीत. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापानं माझ्या आईच्या पिढीला हात धरून स्वयंपाक शिकवला, माझ्याकडे तिची पानं सुटलेली प्रत अजून आहे. पण 'रुचिरा' पदार्थ बिघडू नये म्हणून लिहिलेली. माझ्या दाराशी येणाऱ्याला त्याच्या घरचा ठरावीक बिघाड हवा असतो. म्हणून मी आता थेटच विचारते, "तुमच्याकडे हे कसं बिघडायचं?" आधी हसतात. मग इतकं नेमकं सांगतात, की मीठ-तिखटाच्या प्रमाणाबद्दलही कुणी एवढं नेमकं बोलत नाही.

यातलं सगळ्यात विलक्षण उत्तर मला मिळालं ते इस्रायलमधल्या अश्दोदहून आलेल्या एका आजींकडून.

आमच्या या किनाऱ्याला बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू लोकांचा फार जुना शेजार. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज जहाज फुटून या किनाऱ्याला लागले ते नवगावला. ते गाव अलिबागच्या उत्तरेला, आमचं नागाव दक्षिणेला, आणि नावांच्या सारखेपणामुळे परदेशातून आलेली मंडळी अनेकदा आमच्याकडे उतरून "ती जुनी दफनभूमी कुठे?" असं विचारतात. मग त्यांना रिक्षा करून द्यावी लागते. हे लोक तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. आडनावं सगळी इथलीच, पेणकर, किहीमकर, झिराडकर, रोहेकर. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तिथलं सिनेगॉग १८४८ सालचं. रेवदंड्यालाही सिनेगॉग आहे. १९४८ साली इस्रायल झालं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावंच्या गावं रिकामी झाली. तिकडे गेलेल्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत होतं.

आजी आल्या त्या लेकीबरोबर आणि नातवाबरोबर. नातवाला हिब्रू आणि इंग्रजी, लेकीला मराठी कळायचं पण बोलताना अडायची. आजींचं मराठी मात्र माझ्या सासूबाईंसारखं, हेल सुद्धा तोच. त्यांनी आधीच फोनवर सांगितलं होतं, खवले आणि पर असलेलीच मासळी. म्हणजे कोलंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या बाद. मटण-कोंबडीही नको, कारण ती त्यांच्या रीतीनं कापलेली नसणार. मी नवं पातेलं काढलं, पापलेटचं नारळाच्या रसातलं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या, काकडीची कोशिंबीर. मलिदा करायची त्यांचीच हौस होती. पोहे त्यांनी स्वतः भिजवले, नारळ मी खवून दिला, साखर, वेलची, बदामाचे काप, केळी, असं परातीत हलक्या हातानं कालवलं. एलियाहू हन्नावी, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव घेऊन त्यांच्यात मलिदा करतात, लग्न ठरलं, घर घेतलं, नवस फेडायचा, प्रवास सुखरूप झाला, की मलिदा. नातवानं आधी नाक मुरडलं आणि मग दोनदा घेतला.

कालवण जेवून आजी म्हणाल्या, "छान झालंय गं. पण आईचं असं नव्हतं. आईचं खारट असायचं."

मला वाटलं, हातच जड असेल. त्या म्हणाल्या, मासळीचं नाही, मटणाचं. मग सगळं समजावून सांगितलं. त्यांच्यात मांसात रक्त राहता कामा नये. आणलेलं मटण आधी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचं, मग जाड्या मिठात तासभर, तेही उतरत्या फळीवर, म्हणजे सुटलेलं रक्त वाहून जाईल. नंतर तीन पाण्यांनी धुवायचं. कितीही धुतलं तरी थोडं मीठ आत राहतंच. "आई रश्शात मीठ टाकायचीच नाही, तरी खारट. आम्ही पोरं भात जास्त घ्यायचो त्याला तोंडी लावायला." आता अश्दोदला दुकानातून मांस येतं तेच मीठ लावून, धुऊन, पाकिटात. रस्सा बेताचा होतो. मीठ वरून टाकलं तरी ते खारटपण येत नाही म्हणाल्या, कारण ते रश्शात असतं, आईच्या वेळी ते मटणात असायचं. त्यांच्या लेकीनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिला एवढंच माहीत होतं, की आईला सगळंच अळणी लागतं.

वालाच्या बिरड्याची गोष्ट वेगळी. ते बिघडायला जागाच नाही, नुसता वेळ मागतं. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांत दाबून सोलायचा. दोन दिवसांचं काम. ठाण्याचं एक कायस्थ कुटुंब दरवर्षी येतं, तीन पिढ्या, आणि दरवर्षी बिरडं मागतं. मला शनिवारी तेवढी सवड कुठली? मी भिजलेल्या, मोड आलेल्या वालांची परातच अंगणात नेऊन ठेवली. म्हटलं, सोला. आधी आजी बसल्या, मग सुना, मग मोबाइल ठेवून मुलगे. वालाचा तो उग्र वास बोटांना दोन दिवस राहतो. सोलता सोलता कुणाच्या लग्नात बिरडं कमी पडलं, कुणी साली मुद्दाम आजोबांच्या खिशात भरल्या, कोण कुणाशी का बोलत नाही, सगळं निघालं. बिरडं फार खाल्लं गेलं असंही नाही. पण आता बुकिंगच्या फोनवरच सांगतात, "वाल भिजवून ठेवा, सोलायला आम्ही आहोत."

यावर मला एक टोचतं ते सांगून टाकते. आठवण काढणारे बहुतेक पुरुष असतात आणि आठवतात त्या पदार्थांत राबणं बायकांचं असतं. "आई पाटावरवंट्यावर वाटायची, काय चव होती!" असं म्हणणाऱ्याला मी एकदा पाटा दाखवला. आमच्याकडे आहे, वापरात आहे. त्यांनी वरवंटा धरून पाच मिनिटं नारळ-मिरची वाटली, घामाघूम झाले, आणि पुढं त्या चवीचा विषय काढला नाही. चुलीचंही तेच. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत पाट्या वाचत जा, 'चुलीवरचं जेवण' नाही अशी पाटी सापडणार नाही. माझ्याकडेही मागच्या पडवीत चूल आहे आणि भाकऱ्या तिच्यावरच होतात. पण खरं सांगायचं तर चुलीचा वास लागतो तो भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याला, वांग्याला, सुक्या बोंबलाला. कुकरमधला भात चुलीवरचा म्हणून वाढला तर शंभरात एकाला कळेल की नाही कोण जाणे. लोकांना चूल डोळ्यांना हवी असते. डोळ्यांत धूर गेलेला नको असतो.

आमच्याकडे भाकऱ्या थापणाऱ्या मावशी आहेत. त्यांचं माहेर खारपट्ट्यातलं. एका पाहुण्यांनी एकदा पेज मागितली. उकड्या तांदळाची, सोबत भाजलेलं सुकट आणि पांढरा कांदा. इथला पांढरा कांदा गोडसर, कच्चाच खावा असा. फेब्रुवारीनंतर त्याच्या माळा रस्त्याकाठी लटकायला लागतात, आता तर त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पाहुण्यांनी पेज ओरपून, डोळे मिटून "आहाहा" केलं. मावशी आत येऊन म्हणाल्या, "पैसं देऊन पेज पितात, वहिनी?" त्यांना पेजेचं नाव काढलं तरी नको वाटतं. पावसात भात लावून झाला की काम नाही, समुद्र बंद म्हणून ओली मासळी नाही, घरात असेल तेवढ्या तांदळात पाणी वाढवत जायचं. पेज जितकी पातळ तितके दिवस वाईट. "मना नको बाय ती. जलम गेला पेज पिऊन."

मग मीच विचारलं, की तुम्हाला काय खावंसं वाटतं? क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "वडापाव. अलिबागच्या स्टँडवरचा." लग्नाआधी एका वाडीत सुपाऱ्या सोलायला जायच्या, त्या हप्त्याचे पैसे पहिल्यांदा स्वतःच्या हातात आले त्या दिवशी अलिबागला जाऊन उभ्या उभ्या खाल्लेला. कुणाला विचारलं नाही, कुणाला वाटा दिला नाही. बरं नसलं, की अजून त्यांना तोच लागतो. नातू जाऊन आणतो, गार झालेला, तळलेली मिरची कागदाला चिकटलेली. मऊ भाताची सगळी थोरवी मला मान्य आहे, पण आजारपणात वडापाव मागणाऱ्या मावशींचं म्हणणंही मला पुरतं पटतं. त्यांच्या लहानपणात परत जावं असं काही नव्हतंच.

निसर्ग वादळ आलं तेव्हा मावशींना बोलायची संधी मिळाली. ३ जून २०२०. टाळेबंदीमुळे पाहुणे आधीच बंद, मासेमारी बंद, आणि दुपारी ते वारं आलं. सुपाऱ्या कमरेतून मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले, पडवीचे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे त्या दुपारी किती वर्षं आडवी झाली याचा हिशेब कुणी मांडत बसलं नाही. कित्येक दिवस वीज नव्हती. पंप बंद, मिक्सर बंद, फ्रीजमधलं सगळं पुरून टाकलं. उरलं काय, तर तांदूळ, बरणीतलं सुकट, वाकट्या, आमसुलं आणि पडलेल्या झाडांचे नारळ. चूल, पाटा, रहाटाची विहीर, सगळं पाट्यांवर लिहितो तसं अस्सल. तिन्हीत्रिकाळ पेज-सुकट. मावशींनी पहिल्या रात्री ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "घ्या. आता खा हौसेनं." मी एवढी हसले, की ठसका लागला.

त्यानंतर वर्षभर नारळ बाहेरून आणावे लागले. सोलकढी करताना हाताला कळायचं, रस पातळ सुटायचा, पण पाहुण्यांची काही तक्रार आली नाही. त्या वर्षी जे कुणी आले ते बसायला मिळतंय यातच खूश होते. आणि एक बदल मात्र झाला, दाराशी येऊन मागायला लोक लाजेनासे झाले. टाळेबंदीत ज्यांची माणसं गेली ते तर सरळच सांगायचे, अमुक पदार्थ आई करायची, आता कोण करणार. एका मुलीनं फक्त तूप-साखर लावलेली पोळी मागितली, गुंडाळी करून, ताटात नको, हातात. मी काही विचारलं नाही. करून दिली.

हिवाळ्यात पोपटीचा सुळसुळाट असतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी नाहीतर कोंबडी, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा-झावळ्या पेटवायच्या, वर पाणी शिंपडल्यावर चर्र आवाज आला की झाली. पूर्वी शेताच्या बांधावर चार टवाळ पोरं मिळून करायची, आता पाचशे माणसांच्या 'पोपटी पार्ट्या' होतात. मी तिच्यावर फार बोलत नाही. भांबुर्डी मिळाली नाही म्हणून केळीची पानं घालून केलेली पोपटी मी खाल्ली आहे, आणि ज्यांनी बांधावरची कधी खाल्लीच नाही त्यांना ती आवडलेलीही पाहिली आहे. वीस वर्षांनी तेच लोक केळीच्या पानांची पोपटी मागत कुणाच्या तरी दाराशी उभे राहतील.

आमची मुलगी बेंगळुरूला असते. तिला मी काय काय केलं नाही. उकडीचे मोदक, हळदीच्या पानातले पातोळे, जिताड्याचं कालवण. फोनवर मागते काय, तर सोमवारचं कालवण. म्हणजे रविवारी पाहुणे गेल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं, रात्रभर मुरलेलं सुरमईचं कालवण आणि गार भात. तिचं लहानपण शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या पायात गेलं. आई स्वयंपाकघरात, बाबा खोल्यांच्या चाव्या घेऊन अंगणात, हिचा अभ्यास पायरीवर. सोमवारी सकाळी फाटक लावलं, की आम्ही तिघं आणि मावशी ओट्याशीच बसून ते उरलंसुरलं संपवायचो. मला ते शिळं वाटतं, अजूनही जरा लाज वाटते.

दिवाळीत ती आली की मी शुक्रवारीच सुरमई आणून बेतानं जास्त कालवण करून ठेवते. मागच्या खेपेला पहिला घास घेतला आणि थांबली.

"या वेळी पाहुणे होते का गं?"

"नव्हते. तुझ्यासाठी खोल्या बंद ठेवल्या."

"तरीच," म्हणाली. "यात तुकडे जास्त आहेत."